आधी गल्ला आटला, मग गोल खाल्ले

इंग्लंडमधल्या आर्सेनल फुटबॉल क्लबच्या विक्रमांच्या यादीत एक गंमत आहे. लीगमधला त्यांचा सगळ्यात मोठा विजय १२-०, तारीख १२ मार्च १९००. लीगमधला सगळ्यात मोठा पराभव ०-८, तारीख १२ डिसेंबर १८९६. दोन्ही वेळा समोर एकच क्लब होता, लफबरो. नाशिकच्या कॉलेज रोडवर आर्सेनलची लाल जर्सी घालून मध्यरात्रीपर्यंत मॅच बघणाऱ्या पोरांना पहिला आकडा पाठ असतो. दुसरा कोणी काढत नाही. तिसरी गोष्ट तर कोणाच्या गावीही नसते: बारा गोल खाल्ले त्याच उन्हाळ्यात लफबरोचा क्लब संपला.

त्या शेवटच्या हंगामाचा, म्हणजे १८९९-१९०० चा, तक्ता असा: इंग्लिश लीगच्या दुसऱ्या, म्हणजे खालच्या विभागात ३४ सामने, १ विजय, ६ बरोबरी, २७ पराभव. १८ गोल केले, १०० खाल्ले. विजयाला तेव्हा दोन गुण मिळत, म्हणून एकूण गुण ८. परगावचे १७ सामने खेळले आणि १७ च्या १७ हरले. अठरा संघांत अठरावे.

हा तक्ता बघून कोणीही म्हणेल, संघच टाकाऊ होता. पण हाच क्लब १८९५ मध्ये मिडलँड लीग ही प्रादेशिक स्पर्धा जिंकून वर आला होता, आणि सव्वातीन वर्षांपूर्वी त्यानं आर्सेनलला आठ गोल घातले होते. इतक्यात सगळी पोरं फुटबॉल विसरली, असं तर होत नाही. गोल खायच्या आधी काहीतरी आटलं होतं. ते शोधायचं तर गोलांचा तक्ता बाजूला ठेवून तिकिटाच्या खिडकीपाशी जावं लागतं.

गाव आधी नजरेसमोर आणू. लफबरो हे लेस्टरशायरमधलं गाव. स्पेलिंगवर जाऊ नका, उच्चार लफबरोच. होजिअरीचे कारखाने आणि घंटा ओतण्याची फाउंड्री. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलची मोठी घंटा १८८१ मध्ये इथेच ओतली गेली. १९०१ च्या जनगणनेत लोकसंख्या साधारण २१ हजार. योगायोग बघा, त्याच साली आपल्या नाशिक शहराची लोकसंख्याही २१ हजारांच्या घरातच होती. म्हणजे गोदाकाठचं, जुनी तटबंदी ते पंचवटी एवढंच नाशिक डोळ्यांपुढे आणायचं आणि त्या नाशिकनं पगारी फुटबॉल संघ पोसायचा.

त्यात शेजार वाईट. लेस्टर १८-१९ किलोमीटरवर, तिथे लेस्टर फॉस हा संघ त्याच दुसऱ्या विभागात. नॉटिंगहॅम चोवीस-पंचवीस किलोमीटरवर, तिथे फॉरेस्ट आणि काउंटी असे दोन संघ, दोन्ही पहिल्या विभागात. डर्बीही फार लांब नाही, तेही पहिल्या विभागात. आपल्या नकाशावर मांडायचं तर ओझर, सिन्नर आणि त्र्यंबक या तिन्ही ठिकाणी नाशिकपेक्षा मोठे क्लब, आणि सगळीकडे जायला रेल्वे. शनिवारी दुपारी ज्याच्या खिशात तिकिटाचे पैसे आहेत, त्याला चांगला खेळ बघायला गाव सोडून जाणं सहज शक्य होतं.

आता पैसे. खालचा हिशेब लफबरोच्या वहीतला नाही, त्या काळच्या दरांवर मी मांडलेला आहे. पण दर खरे आहेत आणि गुणाकार कोणालाही करून बघता येईल.

लीगनं १८९० मध्ये प्रवेशाचा किमान दर सहा पेन्स ठरवला होता. पौंडात २४० पेन्स. म्हणजे चाळीस माणसं आत आली की एक पौंड. हा चाळीसचा आकडा लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावर आहे. दर पाडून गर्दी वाढवायची वाट नियमानंच बंद, आणि वाढवला तर गिरणीतला माणूस येणार नाही.

पगारी खेळाडू चौदा धरू. अकरा मैदानात, तीन दुखापतींसाठी. बदली खेळाडू ही भानगड तेव्हा नव्हती. मैदानात कोणाचा पाय मुरगळला तर उरलेल्या दहांनी खेळायचं. प्रत्येकाला आठवड्याला ३० शिलिंग धरू, म्हणजे साधारण चांगल्या कारागिराची मजुरी. चौदा गुणिले तीस, ४२० शिलिंग; पौंडात २० शिलिंग, म्हणजे २१ पौंड. म्हणजे ८४० तिकिटं, फक्त एका आठवड्याच्या पगाराला.

इथपर्यंत ठीक वाटतं. पण घरचा सामना एका आड एक शनिवारी असतो आणि पगार दर आठवड्याला द्यायचा असतो. परगावच्या सामन्याचा गल्ला मुख्यतः यजमानाचा. म्हणजे कमाईचा शनिवार एक, खर्चाचे दोन. त्यामुळे घरच्या प्रत्येक सामन्याला पगारापुरतीच १,६८० तिकिटं खपायला हवीत. त्यावर मैदानाचं भाडं, गेटवरची माणसं, पंच, छपाई, चेंडू: याला पाच पौंड धरले तरी आणखी २००. परगावच्या प्रवासाला सरासरी पाच पौंड, आणखी २००. झाले २,०८०.

२१ हजारांच्या गावात बायका-मुलं वजा केली तर मोठे पुरुष पाच-साडेपाच हजार धरा. म्हणजे दर पाच पुरुषांतल्या दोघांनी, प्रत्येक सामन्याला, थंडी असो पाऊस असो, तिकीट काढून उभं राहायचं. तेव्हा कुठे क्लब ना नफा ना तोटा.

पावसानं एक शनिवार बुडवला आणि निम्मीच माणसं आली, तर तूट २६ पौंडांची. एका आठवड्याच्या संपूर्ण पगारापेक्षा जास्त. असे दोन शनिवार नोव्हेंबरात लागले की डिसेंबरात उधारी सुरू. आणि उधारी सुरू झाली की ती भरायला वाट एकच असते, पुढच्या गल्ल्याची.

प्रवासाचं बोलू, कारण १७ पैकी १७ पराभवांचा धागा तिथे आहे असं मला वाटतं. तिसऱ्या वर्गाचं भाडं साधारण मैलाला एक पेनी. लफबरो ते लंडन सुमारे ११० मैल, म्हणजे आपलं नाशिकरोड ते मुंबई धरा. जाऊन-येऊन २२० पेन्स माणशी. अकरा खेळाडू, एक व्यवस्थापक, एक सामान बघणारा असे तेरा जण: २,८६० पेन्स, म्हणजे ११ पौंड १८ शिलिंग ४ पेन्स. तिकिटांच्या भाषेत ४७७ माणसं. सवलतीच्या गाड्यांनी हे कमी होई, पण शून्य होत नसे. आणि लंडनच्या बाजूला आर्सेनल होतं, वाटेत ल्यूटन होतं, वर मिडल्सब्रो, ग्रिम्सबी, पलीकडे मर्सी नदीच्या मुखाशी न्यू ब्रायटन.

पैसे नसले की काटछाट कुठे होते? आधी मुक्काम जातो. सकाळच्या गाडीनं निघायचं, लाकडी बाकावर अवघडून बसायचं, दुपारी थेट मैदानात. मग जेवण जातं, डबा घरून आणायचा. मग अकरावा पगारी खेळाडू जातो, त्याच्या जागी गावातला हौशी मुलगा, ज्याला शनिवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी मिळाली तर येणार. घरच्या मैदानावर तसला संघ कसाबसा बरोबरी काढतो. लफबरोच्या सहाच्या सहा बरोबऱ्या घरच्याच होत्या. परगावी मात्र पाय सुजलेले, अकरा जण एकमेकांना नीट ओळखत नाहीत, आणि समोर रात्री घरी झोपून आलेला संघ.

सामानाच्या पेटीचं एक उदाहरण चार हंगाम आधीचं आहे आणि ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. जिमी लोगन हा स्कॉटिश सेंटर-फॉरवर्ड. १८९४ च्या एफए कपच्या अंतिम सामन्यात नॉट्स काउंटीनं बोल्टनला ४-१ हरवलं, त्यात तीन गोल लोगनचे. पुढे तो लफबरोला आला. एप्रिल १८९६ मध्ये मँचेस्टरच्या न्यूटन हीथ क्लबाशी परगावचा सामना होता आणि लफबरोचे खेळायचे कपडे पोहोचलेच नाहीत. खेळाडू अंगावरच्या कपड्यांत उतरले. पाऊस कोसळत होता. बदलायला दुसरं काही नाही, म्हणून त्याच ओल्या कपड्यांत परतीचा प्रवास. लोगनला थंडी बाधली, तिचा न्यूमोनिया झाला, आणि २५ मे १८९६ ला तो गेला. वय २५.

एक पेटी. आज कुठल्याही शालेय स्पर्धेला निघताना सर ओरडून विचारतात, किट घेतलं का, ते काही उगाच नाही. पेटी कोणी चढवायची, कोणी उतरवायची, गाडी बदलताना कोणाच्या नजरेखाली राहायची, हे काम कोणाच्या तरी नावावर लागतं. क्लब गरीब असला की असली कामं आधी कोणाच्याच नावावर राहत नाहीत.

आता खेळाडू विकण्याचा चक्रव्यूह. खेळाडूची नोंदणी क्लबच्या हातात असे. दुसऱ्या क्लबला तो हवा असेल तर पैसे मोजावे लागत. छोट्या क्लबाजवळ विकण्याजोगी चीज ती एवढीच. मैदान भाड्याचं, गोलपोस्टला कोण विचारतो. समजा एक चांगला फॉरवर्ड ५० पौंडांना गेला. वर धरलेल्या पगारबिलाच्या हिशेबात ते पैसे जेमतेम अडीच आठवडे पुरतात. मागची उधारी असेल तर एका दिवसातही संपतात. गोल करणारा माणूस मात्र कायमचा गेला. त्याच्या जागी स्वस्तातला आला, गोल थांबले, गर्दी आणखी शे-दोनशेनं उतरली. शे-दोनशे म्हणजे अडीच ते पाच पौंड, तेही प्रत्येक सामन्याला. म्हणजे एकदाच मिळणारा पैसा दर पंधरवड्याच्या भोकात ओतायचा आणि त्या भोकाचा आकार आपणच वाढवायचा. ३४ सामन्यांत फक्त १८ गोल, हा आकडा मला म्हणूनच १०० पेक्षा जास्त बोलका वाटतो. गोल खाणं नशिबावर तरी ढकलता येतं.

शिवाय बाजार हुशार असतो. क्लब मरायला टेकला आहे असा वास आला की घेणारे थांबतात, कारण क्लब बुडाला की नोंदणी सुटते आणि तोच खेळाडू फुकट मिळतो. मार्चमध्ये जो ३० पौंडांना कोणी घेत नाही, तो जूनमध्ये चालत येतो. आणि पगाराला तेव्हा कमाल मर्यादाही नव्हती. आठवड्याला चार पौंडांची मर्यादा आली १९०१ मध्ये. तोवर मोठ्या क्लबानं किती द्यावेत याला धरबंध नव्हता.

दुसऱ्या विभागाचे संघ १८९८ मध्ये १६ चे १८ झाले, सामने ३० चे ३४. वरवर पाहता फायदा: घरचे दोन गल्ले जास्त. पण ते शनिवार काही आकाशातून पडले नाहीत. पूर्वी त्या मोकळ्या दिवशी शेजारच्या गावाशी मैत्रीचा सामना बसवता यायचा, प्रवास चार आण्यांचा, आणि गावागावातली खुन्नस म्हणून गर्दीही बरी. त्या जागी लांबचा अनोळखी संघ आला. लीगचं सभासदत्व प्रतिष्ठेचं होतं खरं, पण छोट्या गावासाठी ते महागडं होतं. हे बोललेलं लीगप्रेमींना आवडत नाही.

तळाच्या तीन संघांना दरवर्षी लीगच्या सभेपुढे अर्ज करून पुन्हा निवडून यावं लागे. लफबरो १८९७-९८ मध्ये शेवटचे. तेव्हा संघसंख्या वाढत होती, जागा होत्या, निभावलं. पुढच्या वर्षी शेवटून दुसरे, पुन्हा अर्ज, पुन्हा निभावलं. डार्वेन त्या वर्षी १४१ गोल खाऊन तळाशी होतं, त्यामुळे शेजारी उभं राहून लफबरो बरं दिसलं असावं. १९०० मध्ये आडोसा उरला नव्हता. तळाला बार्न्सली, ल्यूटन आणि लफबरो. बार्न्सली राहिलं. स्टॉकपोर्ट काउंटी आत आलं आणि वर्षभर बाहेर असलेलं ब्लॅकपूल परतलं. ल्यूटन सदर्न लीग या वेगळ्या स्पर्धेत गेलं आणि जगलं. लफबरोला तेवढाही श्वास शिल्लक नव्हता.

मत देणारे काय बघत असतील, याचा विचार केला तर त्यांना दोष देता येत नाही. बाहेरून येणाऱ्या संघाला गर्दी हवी, धड मैदान हवं, आणि मुख्य म्हणजे समोरचा संघ हंगाम पुरा करेल याची खात्री हवी. अर्धवट सोडलेल्या क्लबाचे सगळे निकाल पुसावे लागतात आणि तक्त्याची वाट लागते. पुढे १९३१ मध्ये विगन बरोनं ऑक्टोबरातच हात टेकले, तेव्हा नेमकं तेच झालं. बारा सामने झाले होते, बाराच्या बारा रद्द.

त्या १२ मार्चकडे परत येऊ. तो सोमवार होता. प्रकाशझोत नव्हते, म्हणजे सामना कामाच्या दिवशी दुपारी. वूलिचच्या आर्सेनलचा प्रेक्षक म्हणजे दारूगोळ्याच्या कारखान्यातला कामगार, आणि दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध पेटलेलं, कारखान्यात जादा पाळ्या. म्हणजे यजमानाचा गल्लाही त्या काळात सुकलेलाच. लीगमधला आपला सगळ्यात मोठा विजय आर्सेनलनं असा कामाच्या सोमवारी मिळवला. पुढे १९१० मध्ये त्या क्लबाचंही दिवाळं वाजलं, आणि १९१३ मध्ये तो थेम्स नदी ओलांडून उत्तर लंडनमधल्या हायबरीला गेला. तिथे गर्दी होती.

आपल्याकडे त्या काळी हा प्रश्न पडला नाही, कारण पैसे देणारा वेगळा होता. १८९१ पासून मुंबईत रोव्हर्स कप सुरू होता, आणि त्यात पलटणींचे संघ खेळत. पगार सैन्याचा, बूट सैन्याचे, प्रवास सरकारी. नंतर त्या जागी कंपन्या आल्या. तोही मालक एक दिवस उठतो: महिंद्रा युनायटेडनं २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली होती, २०१० मध्ये संघ बंद. पहिली राष्ट्रीय लीग जिंकणारा जेसीटी २०११ मध्ये बंद. तिथे गल्ला आटायची वाटही बघावी लागत नाही, वरून एक कागद येतो.

नाशिकमधल्या छोट्या क्लबांना गेटच नसतं. सामना फुकट, बघणारे कट्ट्यावर. पण हिशेबाचा सांगाडा लफबरोचाच आहे. त्यांचं गेट म्हणजे आपली मे महिन्याच्या शिबिराची फी. एप्रिल-मेमध्ये पालक रांग लावतात, रोख जमा होते. जूनच्या मध्यावर पाऊस लागला की मैदान चिखल, पोरं शाळा आणि क्लासला, फी अर्ध्यावर. प्रशिक्षकाचा पगार आणि मैदानाचं भाडं मात्र चालू. म्हणून वहीत दोन गोष्टी वेगळ्या दिसायला हव्यात. एक, पाऊस असो नसो दरमहा जाणारी रक्कम. दोन, सगळ्यात कोरड्या महिन्यात येणारी रक्कम. बहुतेकांची ती ऑगस्टमध्ये असते. या दोहोंतला फरक गुणिले पावसाळ्याचे चार महिने, एवढे पैसे मेच्या फीमधून वेगळ्या खात्यात टाकायचे आणि त्यातून जर्सी शिवायच्या नाहीत. जर्सीवरच नेमकी नजर जाते.

प्रशिक्षकाचा पगार एक महिना थकला तर धावपळ समजू शकतो. दुसरा थकला की स्पर्धेची प्रवेश फी भरायला निघालेल्या सेक्रेटरीला थांबवा. आणि उधारी कोणाच्या नावावर आहे ते बघा. संस्था १८६० च्या कायद्यानं नोंदलेली, धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब जाणारी असेल तर निदान कागद असतो. नोंदणी नसलेल्या मंडळात मैदानाचं भाडं, दुकानातली बुटांची उधारी, बसवाल्याचे पैसे हे सगळं कोणा एका दादाच्या शब्दावर असतं, आणि क्लब बुडाला की घेणेकरी त्याच्या दारात. इंग्लंडमध्येही हीच भीती होती. स्मॉल हीथ या क्लबानं १८८८ मध्ये मर्यादित कंपनी स्थापली आणि मग एकेक क्लब त्या वाटेनं गेला.

पैसा असणं आणि गर्दी असणं यांत फरक आहे, हे त्याच तक्त्यातल्या न्यू ब्रायटन टॉवरनं दाखवून दिलं. ब्लॅकपूलच्या मनोऱ्यापेक्षा उंच मनोरा बांधणाऱ्या करमणूक कंपनीचा तो संघ; उन्हाळ्यात पर्यटक येतात, हिवाळ्यात मैदान रिकामं, म्हणून फुटबॉल. मैदानाची क्षमता ८० हजार. नावाजलेले खेळाडू विकत आणले, संघ चांगला जमला, पण प्रेक्षक त्या मैदानात शोधावे लागत. न्यूटन हीथ, ज्याच्याविरुद्ध लोगन त्या पावसात खेळला, तेही १९०२ मध्ये २,६७० पौंडांच्या कर्जाखाली आलं. चार धंदेवाल्यांनी प्रत्येकी ५०० पौंड टाकले, नाव बदलून मँचेस्टर युनायटेड केलं. पण मँचेस्टर होतं म्हणून ५०० पौंड टाकणारे चार जण सापडले. होजिअरीच्या गावात एवढे पैसे घेऊन कोण येणार होतं?

सप्टेंबर १९०० मध्ये दुसऱ्या विभागाच्या यादीत पुन्हा अठरा नावं होती. न्यू ब्रायटन टॉवरनं तो हंगाम चौथ्या क्रमांकावर संपवला आणि १९०१ च्या उन्हाळ्यात कंपनीनं संघ बंद केला. त्यांची जागा डोंकास्टर रोव्हर्सला मिळाली.